दोन तासांची टेस्ट, चार महिन्यांचा उशीर

त्या वर्षी दिवाळीला मी इंदूरला मावशीकडे गेले होते. फराळाची ताटे मांडली होती, पण मावशी स्वतः चिवड्याला हात लावत नव्हती. "घशात खवखवतंय गं, तिखट नको," म्हणाली. दर थोड्या वेळाने ती तोंडाला पदर लावून खोकायची आणि उठून आत जायची. फटाक्यांचा धूर, बदलती हवा, फ्रीजमधले पाणी... घरातल्या प्रत्येकाने आपापले कारण सांगून टाकले. मीसुद्धा. टीबीचा विचार कोणाच्याच डोक्यात आला नाही. माझ्यासाठी टीबी म्हणजे जुन्या हिंदी सिनेमात नायकाच्या रुमालावर दिसणारा रक्ताचा डाग. चांगल्या सोसायटीत राहणाऱ्या, रोज सकाळी फिरायला जाणाऱ्या माझ्या मावशीला तो होईल असे कोण म्हणेल?

पुढे जे झाले ते बहुतेक घरांत होते तसेच झाले. जवळच्या डॉक्टरांनी खोकल्याचे औषध आणि पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्या. थोडे बरे वाटले, पुन्हा खोकला सुरू. मग दुसरे औषध, दुसऱ्या गोळ्या. नव्या वर्षात वहिनीच्या लक्षात आले की आईंचे ब्लाउज सैल होऊ लागले आहेत आणि संध्याकाळी अंग कोमट लागते. दुसऱ्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी एक्स-रे काढला आणि अडीच हजार रुपयांची रक्ताची तपासणी करायला लावली. एक्स-रेमध्ये डाग, रक्ताचा रिपोर्ट पॉझिटिव्ह. त्याच दिवशी टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. थुंकी तपासायला कोणीच सांगितले नाही.

दोन महिने मावशीने एकही गोळी चुकवली नाही. तरी ताप जाईना, वजन वाढेना. शेवटी मार्चमध्ये दादाचा विरोध असतानाही वहिनी तिला सरकारी टीबी केंद्रात घेऊन गेली. सकाळी थुंकीची डबी दिली आणि संध्याकाळी फोन आला. टीबी आहेच, पण टीबीवरचे एक मुख्य औषध, रिफॅम्पिसिन, तिच्या जंतूंवर चालतच नाही. म्हणजे दोन महिने ती जे औषध इमानेइतबारे घेत होती, त्यातला सर्वात मोठा आधारच निकामी होता.

"हे मशीन दिवाळीतपण इथेच होतं का गं?" मावशीने मला फोनवर विचारले. होते. तिच्या घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर, आणि तपासणी मोफत.

तेव्हापासून मी या विषयावर जे मिळेल ते वाचत गेले. वाचून आधी राग आला. मग कळले की ही एकट्या माझ्या मावशीची गोष्ट नाही.

काचपट्टीवरचा लाल ठिपका

२४ मार्च १८८२ या दिवशी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी टीबीचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. म्हणूनच २४ मार्चला जागतिक क्षयरोग दिन पाळतात. त्यानंतर थोड्याच काळात हा जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धत तयार झाली. थुंकी काचपट्टीवर पसरवायची, रंग चढवायचा, धुवायचा आणि निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसतात का ते पाहायचे. शंभर वर्षांहून अधिक काळ गरीब देशांत टीबीचे निदान मुख्यतः याच पद्धतीने होत आले.

पद्धत स्वस्त आहे, तिला मोठी उपकरणे लागत नाहीत. पण तिच्यात दोन मोठ्या उणिवा आहेत. एक म्हणजे काचपट्टीवर जंतू दिसायला एक मिलिलिटर थुंकीत साधारण पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. आजार सुरुवातीचा असेल, रुग्ण लहान मूल असेल किंवा एचआयव्हीबाधित असेल, तर जंतू कमी असतात आणि रिपोर्ट निगेटिव्ह येतो. थुंकीची वाढ करून पाहणाऱ्या कल्चर तपासणीशी तुलना केली तर जवळपास निम्मे रुग्ण या पद्धतीत निसटू शकतात. दुसरी उणीव मावशीच्या बाबतीत जास्त महत्त्वाची होती. काचपट्टीवर जंतू दिसला तरी तो कोणत्या औषधाला दाद देईल हे त्यावरून कळत नाही. औषधाला दाद देणारा आणि न देणारा, दोन्ही जंतू लालच दिसतात.

कल्चरमध्ये हे कळते, पण जंतू हळू वाढतो. रिपोर्ट यायला दोन ते आठ आठवडे लागतात. तोवर रुग्ण घरातच असतो, मुले-नातवंडांच्या जवळ.

दोन तासांत उत्तर

डिसेंबर २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जीनएक्सपर्ट नावाच्या मशीनला मान्यता दिली. अमेरिकेतील सीफीड कंपनीचे हे मशीन. दिसायला मोठ्या कॉफी मशीनसारखे. थुंकीत एक द्रव मिसळून पंधरा मिनिटे ठेवायचे, ते एका प्लॅस्टिकच्या कार्ट्रिजमध्ये ओतायचे आणि कार्ट्रिज मशीनमध्ये सरकवायचे. मशीन जंतूचा डीएनए शोधते, त्याच्या असंख्य प्रती काढते आणि दोन तासांच्या आत दोन गोष्टी सांगते: टीबी आहे की नाही आणि रिफॅम्पिसिन चालेल की नाही. काचपट्टीला हजारो जंतू लागतात, तिथे याला मिलिलिटरमागे शे-सव्वाशे पुरतात. २०१७ मध्ये आलेली याची सुधारित आवृत्ती तर त्याहूनही कमी जंतू पकडते.

आपल्याकडे सरकारी केंद्रांत या तपासणीला सीबीनॅट म्हणतात. कोविडच्या काळात आरटीपीसीआर हा शब्द आपण सगळ्यांनी पाठ केला होता. ही त्याच कुळातली तपासणी.

मला जास्त आवडली ती मात्र दुसऱ्या मशीनची गोष्ट, कारण ती आपल्या मातीतली आहे. जीनएक्सपर्टला अखंड वीज लागते, खोली थंड लागते, धूळ चालत नाही. हे सगळे एखाद्या गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मे महिन्यात कुठून आणणार? बेंगळुरूच्या बिगटेक लॅब्सने विकसित केलेले आणि गोव्याच्या मोलबायो कंपनीने बाजारात आणलेले ट्रूनॅट हे मशीन बॅटरीवर चालते आणि टेबलाच्या कोपऱ्यावर मावते. थुंकीतून डीएनए वेगळा करायचा, तो एका लहानशा चिपवर टाकायचा, साधारण तासाभरात टीबी आहे की नाही ते कळते. असेल तर दुसऱ्या चिपवर रिफॅम्पिसिनची तपासणी, आणखी एक तास. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ते तपासले आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याला मान्यता दिली. मावशीची थुंकी याच मशीनवर तपासली गेली.

मग अडले कुठे?

जीनएक्सपर्टच्या मान्यतेनंतर तेरा वर्षांनी, २०२३ साली, जगात नव्याने निदान झालेल्या टीबी रुग्णांपैकी ४८ टक्के रुग्णांचीच पहिली तपासणी अशा जलद पद्धतीने झाली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालातला हा आकडा आहे. त्याच वर्षी जगात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना टीबी झाला, साडेबारा लाख लोक गेले, आणि एकूण रुग्णांपैकी २६ टक्के आपल्या देशातले होते. मोबाइल फोनची नवी आवृत्ती आपल्या गल्लीत पोहोचायला तेरा आठवडे लागत नाहीत, हे मनात आल्याशिवाय राहत नाही.

पहिला अडथळा अर्थातच पैसा. २०१२ मध्ये देणगीदार संस्थांनी मदत केल्यावर जीनएक्सपर्टच्या एका कार्ट्रिजची किंमत सुमारे १७ डॉलरवरून ९.९८ डॉलरवर आली, आणि पुढे अकरा वर्षे तिथेच थांबली. या तंत्रज्ञानामागे जनतेच्या करातून आलेले २५ कोटी डॉलरहून अधिक पैसे लागले, असा एका संशोधन लेखाचा अंदाज आहे. त्यामुळे कार्ट्रिज ५ डॉलरला द्या, अशी मोहीम 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेने चालवली. २०२३ मध्ये किंमत ७.९७ डॉलर झाली. काचपट्टीचा खर्च त्यापुढे काहीच नाही, त्यामुळे बजेट तयार करणारा अधिकारी कुठे वळत असेल हे सांगायला नको.

शिवाय ही सवलत सरकारी आणि सेवाभावी संस्थांसाठी होती. खासगी लॅबना तीच तपासणी कितीतरी महाग पडायची. भारतात तर पहिल्यांदा खोकला झाला की बहुतेक लोक खासगी डॉक्टरांकडेच जातात. २०१३ मध्ये काही खासगी लॅबनी एकत्र येऊन स्वस्तात कार्ट्रिज मिळवली आणि दोन हजार रुपयांच्या आसपास ही तपासणी द्यायला सुरुवात केली.

मग २०२० आले. हीच मशीन आणि हेच तंत्रज्ञ कोविडच्या तपासणीला लागले. २०१९ मध्ये देशात टीबीच्या सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती, २०२० मध्ये ती १८ लाखांवर आली. टीबी कमी झाला म्हणून नव्हे. शोधायला कोणी उरले नाही, दवाखाने बंद, लोक घरात.

पण पैसा आणि मशीन एवढेच कारण असते तर मावशीला उशीर झाला नसता. तिच्या शहरात मशीन होते, ते चालू होते, आणि तपासणीला पैसे पडत नव्हते. अडथळा आणखी कुठेतरी होता.

डॉक्टरांच्या खुर्चीपासून लॅबपर्यंत

२०१५ मध्ये 'लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस' या नियतकालिकात दिल्लीतला एक अभ्यास छापून आला. संशोधकांनी काही माणसांना रुग्णाची भूमिका शिकवली. आठवड्यांचा खोकला, ताप अशी टीबीची ओळखीची लक्षणे सांगत ती माणसे वेगवेगळ्या दवाखान्यांत गेली. डॉक्टरांना हे खोटे रुग्ण आहेत हे माहीत नव्हते. अशा २५० भेटींपैकी फक्त ५२ भेटींत, म्हणजे २१ टक्के वेळा, योग्य ती पावले उचलली गेली.

मुंबईतला अभ्यास त्याआधीचा. डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये तो प्रसिद्ध केला. १०६ खासगी डॉक्टरांना टीबीच्या औषधांची चिठ्ठी लिहायला सांगितली. त्यांनी ६३ वेगवेगळ्या प्रकारच्या चिठ्ठ्या लिहिल्या. बरोबर होत्या फक्त सहा. याच उदवाडियांनी त्यानंतर वर्ष-दीड वर्षात मुंबईतील अशा रुग्णांची माहिती जगासमोर मांडली, ज्यांच्या टीबीवर उपलब्ध औषधांपैकी जवळजवळ कुठलेच चालत नव्हते. तेव्हा देशभर खळबळ उडाली होती.

मी डॉक्टरांना खलनायक ठरवत नाही. एका सकाळी साठ-सत्तर पेशंट पाहायचे, त्यातले निम्मे खोकणारे, त्यांतल्या एखाद्यालाच टीबी. लॅबला पाठवले तर पेशंट नाराज होतो, औषध दिले तर खूश. आणि अँटिबायोटिकने दोन दिवस बरे वाटतेच. मात्र त्या दोन-दोन दिवसांची बेरीज मोठी होते. भारतातल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये घेतला गेला. त्यात लक्षणे सुरू झाल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत साधारण ५५ दिवस जातात आणि रुग्ण सरासरी २.७ डॉक्टर बदलतो, असे दिसले. माझ्या मावशीची बेरीज याहून वाईट निघाली, पण मार्ग तोच.

आणखी एक अभ्यास मला विचारात पाडून गेला. दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे, झांबिया आणि टांझानियात जीनएक्सपर्ट थेट दवाखान्यात ठेवून पाहिले. जास्त रुग्णांना त्याच दिवशी औषध मिळाले, पण काही महिन्यांनी रुग्णांच्या प्रकृतीत काचपट्टीवाल्या गटापेक्षा फरक दिसला नाही. कारण तिथले डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहता अंदाजाने औषध सुरू करतच होते. मशीन येते, पण माणसांची सवय तीच राहते.

रक्ताच्या रिपोर्टचा मोह

आपल्याला रक्ताच्या रिपोर्टवर फार विश्वास. सुई टोचली, बाटली भरली, छापील कागद आला, म्हणजे खरे. थुंकीच्या डबीला तो मान नाही.

या विश्वासावर भारतात एक मोठा धंदा उभा होता. रक्तातील प्रतिपिंडे पाहून टीबी सांगणाऱ्या तपासण्या दरवर्षी लाखोंच्या संख्येने होत होत्या. त्या इतक्या चुकत होत्या की २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या वापरू नका असे स्पष्ट सांगितले आणि जून २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांच्यावर बंदी आणली.

मावशीची तपासणी यातली नव्हती. तिची 'गोल्ड' नावाने ओळखली जाणारी तपासणी बंदी असलेली नाही, खोटीही नाही. फक्त ती वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देते. शरीरात टीबीचा जंतू कधी शिरला होता का, एवढेच ती सांगते. आज आजार आहे की नाही हे नाही. देशभर झालेल्या सर्वेक्षणात १५ वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांत असा सुप्त जंतू आढळला. म्हणजे ही तपासणी आपल्या सोसायटीतल्या सगळ्यांची केली तर जवळपास प्रत्येक तिसरा माणूस पॉझिटिव्ह निघेल, आणि त्यातले बहुतेक ठणठणीत असतील. हातावर टोचून पाहण्याच्या मँटू चाचणीचेही तसेच. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आणलेली सी-टीबी ही नवी त्वचाचाचणी मँटूपेक्षा अचूक आहे, पण तीही सुप्त जंतूसाठीच. घरात रुग्ण सापडला की बाकीच्यांना प्रतिबंधक औषध द्यायचे का, हे ठरवायला तिचा उपयोग.

एक्स-रेचे काम वेगळे. तो संशय दाखवतो, आणि चांगला दाखवतो. २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सापडलेल्या रुग्णांपैकी जवळपास ४३ टक्के रुग्ण केवळ लक्षणे विचारून सापडलेच नसते, ते एक्स-रेमुळे सापडले. मुंबईतील एका कंपनीचे सॉफ्टवेअर तर डॉक्टर नसलेल्या ठिकाणीही एक्स-रे वाचून संशयित डाग दाखवते. पण डाग न्यूमोनियाचा असू शकतो, जुन्या टीबीचा व्रण असू शकतो, कर्करोगाचाही असू शकतो. डाग दिसला की पुढची पायरी थुंकी. मावशीच्या बाबतीत ती पायरीच गाळली गेली.

खोकायची लाज

इथे मला आपल्याकडच्या बायकांबद्दल बोलायचे आहे.

पहिल्यांदा डबी दिली तेव्हा मावशीने त्यात तोंडातली लाळ भरून आणली. लॅबमधल्या मुलीने डबी पाहिली आणि म्हणाली, "काकू, ये नहीं चलेगा, छाती से निकालिए." मावशी लाजली. चार माणसांत घसा खाकरून बेडका काढायचा? आयुष्यभर तिला खोकतानाही पदर लावायला शिकवलेले. मग वहिनी तिला इमारतीच्या मागे झाडाखाली घेऊन गेली, पाठीवर हात ठेवून उभी राहिली. तेव्हा कुठे हवा तो नमुना निघाला.

ही लाज आजार लपवते. पाकिस्तानातील रावळपिंडीत झालेला एक अभ्यास २००७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला होता. काही स्त्रियांना थुंकी कशी द्यायची हे दोन मिनिटे नीट समजावून सांगितले, काहींना नाही. समजावलेल्या स्त्रियांमध्ये टीबी सापडण्याचे प्रमाण दीडपटीहून जास्त निघाले. यंत्र तेच, काचपट्टी तीच. बदल झाला तो फक्त दोन मिनिटांच्या बोलण्याने.

तेव्हा घरात कोणाला डबी मिळाली तर हे सांगा. सकाळी उठल्यावरची थुंकी उत्तम. आधी साध्या पाण्याने चूळ भरायची. मोकळ्या हवेत किंवा खिडकीजवळ उभे राहायचे, बंद बाथरूममध्ये नाही. दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यायचा, थोडा रोखायचा आणि मग छातीच्या तळातून खोकायचे. पातळ, फेसाळ लाळ नको, घट्ट बेडका हवा, चमचाभर पुरे. जवळ कोणी समोर उभे राहू नये. चांगल्यातले चांगले मशीनही लाळेत टीबी शोधू शकत नाही.

लहान मुलांचा प्रश्न आणखी अवघड. मावशीची नात तेव्हा चार वर्षांची, आजीच्याच अंथरुणात झोपणारी. इतकी लहान मुले बेडका गिळून टाकतात. पूर्वी नाकातून नळी घालून पोटातला नमुना काढावा लागायचा, आईबापांचा जीव अर्धा व्हायचा. गिळलेला जंतू पुढे शौचातून बाहेर पडतो, त्यामुळे मुलांच्या शौचाच्या नमुन्यावरही जीनएक्सपर्ट तपासणी करता येते आणि जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता दिली आहे. किती पालकांना हे ठाऊक आहे? मला तरी नव्हते. सुदैवाने नातीला ताप-खोकला नव्हता, एक्स-रे स्वच्छ निघाला. आता तिला ठरावीक महिन्यांनी दाखवायला नेतात.

'नाव लागेल'

दादाने सरकारी केंद्राला विरोध का केला होता? "तिथे नाव लागेल," म्हणाला. घरी आशा ताई येतील, शेजाऱ्यांना कळेल, धाकट्या बहिणीच्या लग्नाचे बोलणे चालू होते. त्याला माहीत नव्हते की मे २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही प्रत्येक टीबी रुग्णाची नोंद सरकारला कळवणे बंधनकारक आहे. नाव दोन्हीकडे लागतेच. ते कोणाला सांगत फिरत नाहीत. उलट नोंद झाल्यावर औषधे मोफत मिळतात, आणि निक्षय पोषण योजनेतून खाण्यापिण्यासाठी पैसे खात्यात येतात. सुरुवातीला महिना ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले आहेत.

ज्यांना लक्षणे होती त्यांच्यापैकी सुमारे ६४ टक्के लोक कोणत्याच डॉक्टरकडे गेले नव्हते, असे त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसले होते. काहींनी खोकला अंगावर काढला, काहींना रोजगार बुडवणे परवडले नाही, आणि काही दादासारखे असणार. भारताने २०२५ पर्यंत टीबी संपवायचे ठरवले होते. दर लाख लोकसंख्येमागे नव्या रुग्णांचे प्रमाण २०१५ मधल्या २३७ वरून २०२३ मध्ये १९५ पर्यंत खाली आले. हे यश लहान नाही, पण टीबी संपण्यापासून आपण अजून बरेच लांब आहोत.

तुम्ही डॉक्टरांना काय विचाराल?

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, वजन उतरणे, भूक मंदावणे, थुंकीत रक्त. यातले काही असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, "थुंकीची नॅट टेस्ट करायची का?" सीबीनॅट किंवा ट्रूनॅट म्हटले तरी चालेल. यात उद्धटपणा नाही. टीबीचे औषध सुरू करायची वेळ आली तर एकच गोष्ट आग्रहाने मागा: पहिली गोळी घेण्याआधी नमुना गेला पाहिजे. औषध सुरू झाल्यावर जंतू कमी होतात आणि खरे उत्तर मिळणे कठीण होते.

गाठीचा, हाडाचा, पोटाचा किंवा गर्भाशयाचा टीबी असेल तर थुंकीत काही सापडणार नाही. तिथे त्या जागेचाच नमुना लागतो आणि त्यावरही ही तपासणी करता येते. रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि त्रास चालूच राहिला तर विषय संपला असे समजू नका, पुन्हा दाखवा. आणि उपचार चालू असताना 'बरे झाले का बघू' म्हणून नॅट टेस्ट करू नका. ती मेलेल्या जंतूचा डीएनएही पकडते आणि उगाच घाबरवते. त्यासाठी काचपट्टी आणि कल्चरच लागतात, म्हणजे जुन्या पद्धतीला अजून काम आहे.

जवळचे केंद्र कुठे आहे हे माहीत नसेल तर १८००-११-६६६६ या मोफत क्रमांकावर विचारता येते. वहिनीला हा क्रमांक एका औषधाच्या दुकानातल्या पोस्टरवर दिसला होता.

मावशीची औषधे बदलली. नव्या गोळ्यांनी पायाला मुंग्या यायच्या, तोंडाला चव नसायची, आणि दर महिन्याला रक्त, ईसीजी वगैरे तपासण्या असत. तिला ही लागणच औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंची झाली असावी, असे केंद्रातल्या डॉक्टरांचे मत पडले. म्हणजे दिवाळीतच डबी दिली असती तर पहिल्याच दिवशी योग्य औषध मिळाले असते. आता वजन चढते आहे. परवा व्हिडिओ कॉलवर चकली खाताना दिसली.

तिच्या मजल्यावरच्या एका काकूंना महिनाभर खोकला आहे. मावशीने स्वतःच्या आजाराचे नाव घेऊन त्यांना सगळे सांगितले, सोबत यायलाही तयार आहे म्हणाली. काकू म्हणाल्या, "बघते, सणवार झाले की जाते." अजून गेलेल्या नाहीत.